सात एकर, एक विहीर आणि घरची ज्वारी

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे. घरची जमीन सात एकर, त्यातली पाच एकर मध्यम काळी आणि दोन एकर मुरमाड. विहीर एकच आणि मार्चनंतर तिचे पाणी तळाला जाते. घरात आई-वडील, नवरा-बायको आणि दोन मुले. गोठ्यात बैलजोडी आणि एक म्हैस. वडील आजवर ज्वारी, बाजरी, मूग-उडीद आणि दोन एकर कापूस अशी मिसळीची शेती करत आले. खाण्यापुरते घरी पिकत होते, पण वर्षाच्या शेवटी हातात काही राहत नव्हते. आता मुलाच्या मनात असे आहे, की ज्वारी-बाजरी बंद करून पाच एकर कापूस लावावा, बोअर घेऊन एक एकर केळी करावी, उरलेल्या एकरात मका घ्यावा आणि बैल विकून टाकावेत. वडील म्हणतात, ‘घरचा दाणा बंद झाला की घर बाजाराच्या हाती जातं.’ दोघांपैकी बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, हा प्रश्न वरवर पिकाचा वाटतो, पण तो जोखमीचा आहे. आजवर पाऊस हुकला, अळी पडली किंवा भाव कोसळला, तरी घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा राहत होता. नुकसान व्हायचे, पण ते शेताच्या बांधावरच थांबायचे. उद्या सगळेच विकण्यासाठी पिकवले, तर तेच नुकसान बांध ओलांडून स्वयंपाकघरात, किराणा दुकानाच्या उधारीत आणि गावच्या पीककर्ज सोसायटीच्या थकबाकीत येईल. ते सोसायची ताकद घरात किती आहे, हे आधी ठरले पाहिजे. कोणते पीक किती एकर, हे त्यानंतरचे काम आहे. तुमचे वडील या जोखमीबद्दल बोलत आहेत आणि तुम्ही उत्पन्नाबद्दल बोलत आहात. दोघेही खरे बोलत आहात, म्हणूनच वाद मिटत नाही.

माझी स्वतःची शेती चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला, नऊ एकर आहे. १९९४ साली, साधारण तुमच्याच वयात, वडिलांचा विरोध मोडून मी एकाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे बदलले. वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचा हिशेब केला, बैल विकले, ज्वारीचे बियाणे ठेवलेले मडके रिकामे केले आणि पाच एकर केळी, चार एकर कापूस असा घाट घातला. पहिली दोन वर्षे चांगली गेली. तिसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळ आले. सकाळी बागेत गेलो, तेव्हा निसवलेली झाडे एकाच दिशेला आडवी झाली होती, घड मातीत रुतले होते आणि मोडलेल्या खोडांतून पाणी पाझरत होते. आधीच्या कापणीचे पैसे ज्या व्यापाऱ्याकडे अडकले होते, त्याने त्याच महिन्यात फोन घेणे बंद केले. त्या भाद्रपदात माझी आई ओट्यावर बसून विकत आणलेली ज्वारी निवडत होती. एक दाणा तिने दाताखाली धरून फोडला, काही न बोलता पाटी बाजूला सरकवली आणि आत गेली. तिने आयुष्यात पहिल्यांदा विकतची ज्वारी निवडली होती. त्या एका वर्षाचे कर्ज फेडायला मला पुढची पाच वर्षे लागली. मी केळी सोडली नाही, आजही करतो. पण त्यानंतर कोणालाही मी एका आखाजीत सगळे बदलण्याचा सल्ला दिलेला नाही.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. आपले आजे-पणजे फक्त पोटापुरते पिकवत होते आणि बाजार आता आला, असे अनेक जण समजतात. खानदेशात तसे कधीच नव्हते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला न ऐकलेला भाव मिळाला. त्याच दशकात आगगाडी भुसावळपर्यंत आली आणि गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या. युद्ध संपले आणि भाव पडला. म्हणजे दूरच्या देशातल्या घटनेने आपल्या गावातला भाव चढतो आणि पडतो, हे खानदेशाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. त्या काळच्या कुटुंबांनी नगदी पीक घेतले, पण त्याच्या शेजारी दादर (रब्बीची ज्वारी) आणि बाजरीही ठेवली. तुमच्या वडिलांची दोन एकर कापूस आणि बाकी दाणा ही मांडणी त्याच अनुभवातून आलेली आहे. तिला मागासलेपण समजू नका. ती मांडणी बदलायला हवी, हे मात्र मलाही मान्य आहे, कारण मुलांची फी, दवाखाना, वीजबिल आणि मोबाइल या गोष्टी ज्वारीच्या पाट्यांनी भागत नाहीत.

आता हिशेब. पुढचे आकडे मी माझ्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या वह्यांवरून सोयीसाठी गोल करून घेतले आहेत. तुमच्या शेतात ते वेगळे असतील, म्हणून ते स्वतःच्या वहीशी ताडून पाहा. कोरडवाहू कापूस एकरी पाच क्विंटल आणि भाव ७,५०० रुपये धरला, तर ३७,५०० रुपये येतात. नांगरणी-वखरणीपासून बियाणे, खते, फवारण्या, निंदणी आणि दहा रुपये किलोने वेचणी धरली, तर खर्च पंचवीस हजारांच्या आसपास जातो. उरतात साडेबारा हजार. ज्वारी एकरी सहा क्विंटल आणि ३,००० रुपये क्विंटल धरली, तर अठरा हजार. कडबा वीस क्विंटल, साडेचारशेने धरला, तर नऊ हजार. खर्च बारा हजार. उरतात पंधरा हजार. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, कारण तुमच्या वहीत ज्वारी तोट्यात दिसत असणार. ती तोट्यात दिसते, कारण घरी खाल्लेल्या दाण्याची आणि जनावरांनी खाल्लेल्या कडब्याची किंमत कोणी वहीत लिहीतच नाही. कापसाचा प्रत्येक रुपया पावतीवर येतो, म्हणून तो मोठा दिसतो.

याचा अर्थ ज्वारी कापसापेक्षा नेहमी सरस, असा मुळीच नाही. पाऊस साधला आणि कापूस एकरी आठ क्विंटल झाला, तर तीस हजार सुटतात आणि ज्वारी तिथवर कधीच पोचत नाही. उलट पाऊस सप्टेंबरमध्ये तुटला आणि कापूस अडीच क्विंटलवर आला, तर घातलेले पैसेही निघत नाहीत, कारण बियाणे, खत आणि फवारणी आधीच होऊन गेलेली असते. ज्वारीत मात्र तीन क्विंटल दाणा आणि दहा-बारा क्विंटल कडबा हाती येऊन खर्च भरून निघतो. पारोळ्यासारख्या तालुक्यात, जिथे पाऊस जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर आणि तोही खंड पाडत येतो, तिथे पाच वर्षांत किती वर्षे कशी गेली हे वडिलांना विचारा आणि मग ही दोन पिके शेजारी ठेवून पाहा.

आता असा मुद्दा सांगतो, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. घरच्या ज्वारीचे एकर माणसांच्या भाकरीवरून ठरत नाहीत, गोठ्यावरून ठरतात. तुमच्या घरात सहा माणसे आहेत. महिन्याला माणशी नऊ-दहा किलो धान्य धरले, तर वर्षाला सात क्विंटलच्या आसपास लागते. त्यातला गहू-तांदूळ थोडा रेशनवर येतो, थोडा विकत येतो. ज्वारी-बाजरी चार क्विंटल पुरते. ती एका एकराहूनही कमी जागेत पिकते. पण बैलजोडी आणि म्हैस मिळून रोज अठरा-वीस किलो कोरडा चारा खातात. वर्षातले आठ महिने तो लागतो असे धरले, तर पंचेचाळीस क्विंटलच्या वर कडबा हवा, म्हणजे दोन एकरांहून जास्त ज्वारी हवी. तुम्ही ज्वारी बंद केली, तर भाकरीचा खर्च झेपेल. फेब्रुवारीनंतर विकत घ्यावा लागणारा कडबा झेपणार नाही, आणि मग बैल विकावेच लागतील. बैल गेले की शेणखत गेले, कोळपणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर आली आणि पाऊस उघडल्यानंतरच्या ज्या चार दिवसांत कोळपे फिरायला हवे, त्याच चार दिवसांत साऱ्या गावाला तो ट्रॅक्टर हवा असतो. एक निर्णय दुसऱ्याला असा ओढत नेतो. म्हणून आधी गोठ्याचे ठरवा. सात एकरांना दोन बैल जड जातात, हे खरे आहे. शेजाऱ्याशी सावड करून, म्हणजे दोघांचा एकेक बैल आळीपाळीने जुंपून, एक बैल ठेवणे आणि म्हशी दोन करणे हा मार्ग आमच्याकडे अनेकांनी धरला आहे आणि दुधाचा पैसा ठरलेल्या दिवशी येत असल्याने तो टिकलाही आहे.

ज्वारी ठेवायची म्हटली, तरी ती एकट्याने ठेवता येत नाही. आमच्या शिवारात २०१० नंतर ज्वारी जवळजवळ संपली. एका शेजाऱ्याने हट्टाने एक एकर पेरली. दाणे दुधात आले आणि साऱ्या शिवारातली पाखरे त्या एका एकरावर उतरली. पहाटे सूर्य उगवण्याआधी तो गोफण घेऊन माचाणावर उभा राहायचा, दुपारी त्याची बायको डबा वाजवत फिरायची, आणि तरीही कणसांचे वरचे टोक पांढरे, पोकळ राहिले. पुढच्या वर्षी त्यानेही सोडली. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हा पाखरांचे खाणे सगळ्यांत वाटले जायचे आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. मका लावणाऱ्यांना हेच रानडुकरांबाबत भोगावे लागते.

या बाबतीत आपल्याच भागात एक जुनी रीत होती. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालायची. बंधाऱ्याचे लाभक्षेत्र फडांमध्ये वाटलेले असे, एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि फडांची पिके आळीपाळीने बदलायची. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने प्रत्येकाला ऊसही मिळे आणि दाणाही. पाणी द्यायला पाटकरी आणि राखणीला जागल्या असे, आणि पीक एकत्र असल्याने राखण सोपी जाई. फड पुन्हा उभा करा, असे मी म्हणत नाही. पण बांधाला बांध असलेल्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एकाच पट्ट्यात चार-पाच एकर दादर पेरली, तर राखणीचा प्रश्न सुटतो. आम्ही चौघे सहा वर्षांपासून असे करत आहोत. कोणाचे शेत त्या पट्ट्यात येणार, यावर दरवर्षी थोडी ओढाताण होते, पण जमते.

आता केळीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे. रावेर, यावल आणि चोपड्याच्या बागा पाहून मन ओढले जाते, ते साहजिक आहे. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ठिबक आणि ऊतिसंवर्धित रोपांनी अठरा महिन्यांचे पीक वर्षावर आणले आहे, आणि चांगल्या बागेत एकरी तीनशे-साडेतीनशे क्विंटल माल निघतो. पण त्या बागांच्या खाली तापीकाठची खोल गाळाची जमीन आहे, आणि तिथेही बोअर दरवर्षी खाली जात आहेत. पारोळ्याच्या खडकात पाण्याचा तेवढा साठा नाही. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडे बसतात. मे महिन्यात, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, ठिबकनेही एका मोठ्या झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एका एकराला रोज पस्तीस हजार लिटर. शेतीची वीज आठ तास, त्यातही काही दिवस रात्रीची. आठ तासांत पस्तीस हजार लिटर द्यायचे, तर बोअरने ताशी साडेचार हजार लिटर सलग दिले पाहिजे. दोनशे लिटरचा पिंप घ्या, पाइप त्यात सोडा आणि घड्याळ लावा. पिंप अडीच मिनिटांत भरला, तर ताशी ४,८०० लिटर झाले आणि एक एकर कसाबसा निभेल. पाच मिनिटे लागली, तर अर्धा एकरच. हे मोजमाप ऑक्टोबरमध्ये करू नका, तेव्हा प्रत्येक बोअर उदार असतो. एप्रिल-मेमध्ये, सहा तास मोटार चालल्यानंतर करा, आणि ओळीने दोन उन्हाळे करा.

तुमच्याकडे आज बोअर नाही, म्हणजे हे मोजायलाही काही नाही. बोअर लागेल की नाही हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. मी तुमच्या जागी असतो, तर बोअरचे पैसे आधी विहिरीचा गाळ काढणे, पुनर्भरण आणि दोन एकरांचे ठिबक यांवर घातले असते. विहीर मार्चऐवजी एप्रिलपर्यंत चालली, तरी रब्बीचा हरभरा, गहू आणि थोडा भाजीपाला सुखाने निघतो. केळीत पाण्याखेरीजही बरेच आहे : हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली गेला की घडाची वाढ थांबते, मे-जूनमध्ये वादळ येते, पावसाळ्यात करपा आणि हरण्या (विषाणूचा रोग) येतो. हवामानावर आधारित फळपीक विमा यातल्या काही गोष्टींसाठी आहे, तो उतरवावाच. पण भाव पडला तर विमा काही देत नाही. हाच माल मी क्विंटलला चोवीसशेनेही दिला आहे आणि सहाशेनेही. केळी पिकली की चार दिवसांत जायलाच हवी. शेतकऱ्याला थांबता येत नाही, आणि घेणाऱ्याला ते माहीत असते.

थांबता येणे ही गोष्ट कापसातही नीट समजून घ्या. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी माल विकला नाही. माझ्या बहिणीच्या घरी मधल्या खोलीत कापूस सरापर्यंत भरला होता, उन्हाळ्यात मुलांच्या हातापायांवर खाजून चट्टे उठले, आणि शेवटी २०२३ च्या मे-जूनमध्ये सात हजारांच्या आत-बाहेर देऊन खोली मोकळी केली. त्यांची चूक लोभाची नव्हती. घरात दुसरा कोणताच पैसा येत नसल्याने सगळी आशा त्या एका खोलीवर होती. ज्याच्याकडे भाद्रपदात मूग-उडदाचे, मार्चमध्ये हरभऱ्याचे आणि दर आठवड्याला दुधाचे पैसे येतात, तो दिवाळीनंतर भाव पाहून थोडा-थोडा कापूस विकू शकतो. ज्याच्याकडे फक्त कापूस आहे, तो एक तर दिवाळीआधी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने देतो, नाही तर हटून बसतो.

सरकारी हमीभाव आहे, पण त्याचा आधार घ्यायचा तर तयारी आधीपासून लागते. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये आणि मध्यम धाग्याला ७,१२१ रुपये हमीभाव होता. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, बारा टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत, आणि सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते. म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, वेळेत करा आणि पहिल्या वेचणीचा दवाचा कापूस उन्हात वाळवूनच भरा. मका, हरभरा, तूर किंवा ज्वारी यांच्यासाठी बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत सहा टक्क्यांनी सहा महिन्यांचे कर्ज मिळते. तुमच्या बाजार समितीत ती प्रत्यक्ष चालू आहे का, हे पेरणीआधी स्वतः जाऊन विचारा. पीककर्ज सोसायटीतून घ्या आणि मुदतीत फेडा, कारण तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडल्यास व्याज पडत नाही. कृषी केंद्राच्या उधारीवर व्याजाचा शब्द कोणी काढत नाही, पण ते औषधाच्या आणि खताच्या किमतीत धरलेले असते, आणि उधारी असली की कोणते औषध घ्यायचे हे तुम्ही ठरवत नाही, दुकानदार ठरवतो.

कापूस वाढवण्याबद्दल आणखी एक गोष्ट. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढची दहा-बारा वर्षे बोंडअळीची भीती गेली. त्या काळात ज्यांनी सगळे शेत कापसाखाली आणले, त्यांचा अनुभव आजच्या काळाला लागू करू नका. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर जे केले, ते तुम्ही पाहिले आहे. ही अळी मुख्यतः कापसावर जगते, म्हणून शिवारात कापूस जितका जास्त आणि जितके जास्त महिने उभा, तितकी ती वाढते. मेमध्ये पाणी देऊन लावणे आणि वेचणी झाल्यावरही तोच कापूस फरदड म्हणून मार्चपर्यंत ठेवणे या दोन्ही सवयी तिला वर्षभर खायला घालतात. जूनमध्ये पावसावर लावा आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करा. त्या मोकळ्या शेतात उशिराचा हरभरा किंवा चाऱ्याचा मका येतो आणि त्याचा पैसा फरदडीच्या किडक्या कापसापेक्षा कमी नसतो.

तर तुमच्या सात एकरांसाठी पहिल्या वर्षी मी काय केले असते, ते सांगतो. मुरमाड दोन एकरांत बाजरी आणि तूर, ओळी सोडून. तिथे कापूस नको. त्या जमिनीत पावसाचा पंधरा दिवसांचा खंड पडला की पाते गळते. काळ्या पाचांपैकी दोन एकर कापूस, म्हणजे वडिलांचा होता तेवढाच, पण मधल्या ओळींत उडीद घेऊन. दीड एकर खरिपाचा मका आणि त्यावर हरभरा, कारण मका विकताही येतो आणि त्याची ताटे म्हशीलाही चालतात. लष्करी अळीसाठी पहिले चाळीस दिवस पोंग्यात पाहत राहावे लागेल. उरलेल्या दीड एकरात खरिपात मूग आणि त्यावर सप्टेंबरअखेर दादर. मुगाचे पैसे गणपतीच्या सुमारास येतात, मुगाचा पाला जमिनीत जातो, आणि दादर मागच्या ओलीवर, पाणी न देता उभी राहते. या दीड एकरात घरचा दाणा आणि निम्म्याहून जास्त कडबा निघतो.

दुसऱ्या वर्षी, विहिरीचे पाणी लांबले असेल तर, मक्याच्या जागेतला अर्धा एकर ठिबकवर भाजीपाल्याला द्या. ऑगस्टमध्ये लावलेली वांगी किंवा मिरची पाणी संपण्याआधी, फेब्रुवारीत आटोपते. बामणोदची भरिताची वांगी हिवाळाभर बाजारात चालतात, ती काही फक्त यावलच्याच मातीत येतात असे नाही, पण घरातली चार माणसे तोडणीला नसतील तर या वाटेला जाऊ नका, कारण मजुरीवर वांगी परवडत नाहीत. तिसऱ्या वर्षी कापूस दोनाचा अडीच-तीन एकर करायचा की नाही, हे मधल्या दोन वर्षांच्या वह्या सांगतील.

यात काही गोष्टी अशा आहेत, की ज्या बदलल्या तर माझे उत्तरही बदलेल. तुमच्या घरात कोणाला महिन्याचा पगार असेल, तर दाण्याचा आग्रह कमी करता येईल, कारण वाईट वर्षी तो पगार कडबा आणि किराणा घेईल. बोरीच्या धरणाचे आवर्तन (ठरावीक पाळीने सुटणारे पाणी) तुमच्या शेताला नियमित मिळत असेल, तर रब्बीचे क्षेत्र वाढवता येईल. आधीचे कर्ज थकीत असेल, तर उलट आणखी सावध राहावे लागेल आणि पहिले वर्ष फक्त ते फेडण्यासाठी धरावे लागेल. यातले तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून मी काहीही गृहीत धरले नाही.

एक गोष्ट घरातल्या बायकांबद्दल, जी आपण पुरुष विचारात घेत नाही. ज्वारी, मूग, उडीद आणि तूर घरात येतात तेव्हा कणगीची चावी आईकडे किंवा पत्नीकडे असते. पाहुणा आला, मूल आजारी पडले, तर त्या दोन पायली मूग दुकानात देऊन गरज भागवतात आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कापसाचा पैसा बँकेत जातो आणि पासबुक पुरुषाच्या खिशात असते. घरात पैसा जास्त आला, पण माझ्या पत्नीच्या हातात कमी राहू लागला, हे मला अकरा वर्षांनी तिने सांगितल्यावर कळले. तुम्ही बदल करणार असाल, तर दुधाचे किंवा भाजीचे पैसे सरळ पत्नीच्या खात्यात जातील अशी सोय पहिल्या दिवसापासून करा.

आखाजीला अजून वेळ आहे. तोवर दोन कामे करा. एका वहीत मागच्या वर्षीचा प्रत्येक खर्च आणि प्रत्येक उत्पन्न लिहा, घरी खाल्लेला दाणा आणि जनावरांनी खाल्लेला कडबा बाजारभावाने धरून. आणि दादरीचा तो दीड एकर कोणत्या बाजूला ठेवायचा, हे वडिलांना विचारा. सप्टेंबरनंतर ओल कोणत्या तुकड्यात जास्त दिवस धरून राहते, हे त्यांना नक्की ठाऊक असेल, आणि शेजारच्या कोणाला पट्ट्यात घेता येईल, हेही तेच सांगू शकतील.